काठोकाठ भरलेला पियाला

इक्लिमा आपा एका जागी बसलेली मी पाहिली नाही. मर्गिलानच्या आमच्या खोलीत ती चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायची. ती उझबेकिस्तानच्या पार दुसऱ्या टोकाच्या ख्वारेज्ममधल्या खोंका गावची, वय त्रेचाळीस, लग्नांत नाचून घर चालवणारी. नाचाच्या दहा दिवसांच्या शिबिरात बाकी आम्ही सगळ्या विशीतल्या. गावच्या संस्कृती भवनात ती आठ वर्षं मुलींना नाच शिकवत होती. आता नियम निघाला होता, प्रमाणपत्र नसेल तर वर्ग बंद. आणि त्यासाठी शेवटच्या दिवशी इथला फरगाणी नाच करून दाखवायचा होता.

घोडं तिथंच अडलं होतं. फरगाणी नाचात मनगटं वळतात, मान हळूच कलते, खांदे मात्र शांत. ख्वारेज्मी नाचात आधी बोटं जागी होतात, मग कोपर, मग खांदे थरथरू लागतात. डफावर थाप पडली की आपाचा उजवा खांदा आपसूक उडायचा.

"इक्लिमा, माशी बसली का गं?" आम्हाला शिकवणाऱ्या मुअत्तर उस्ताद विचारायच्या.

"माशी असती तर मारली असती, उस्ताद. हा माझाच आहे, म्हणून ऐकत नाही."

"झोपव त्याला."

"आणि पुन्हा उठलाच नाही तर? मुलींना शिकवू काय?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. दुपारच्या उन्हात सगळ्या आडव्या झाल्या की ती ओढणीने खांदा आवळून भिंतीशी सराव करायची. मध्येच ओढणी सोडायची, खांदा हलवून पाहायची, पुन्हा बांधायची.

सातव्या दिवशी चहाच्या सुट्टीत उस्तादांनी पियाला भरला, अगदी काठोकाठ. आपाच्या हातात दिला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्याकडे पाहुण्याला घोटभर चहा ओतायचा, संपला की पुन्हा घोटभर. पियाला भरून दिला म्हणजे चहा झाला, आता निघा. आपाने पियाला खिडकीपर्यंत नेला, तिथे ठेवला आणि खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली.

"आपा, तुमच्याकडची पुढची गाडी उद्या आहे," मी म्हटलं.

"स्टेशनवर बसेन."

"बसता येतं तुम्हाला?"

"गप गं, भवाने. इथे अपमान झालाय आणि तुला चेष्टा सुचतेय."

एवढ्यात उस्ताद दारात आल्या. "कुठे निघालीस?"

"तुम्हीच तर घालवलंत. सगळ्यांसमोर."

उस्तादांनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, तो प्यायला नव्हता! हातात धरून नाचायला होता. थरथरलीस की सांडेल, तुझं तुलाच कळेल. सांगणार तोच फोन आला मेला. कुठाय तो?"

"खिडकीत."

"नेताना किती सांडला?"

आपा बॅगेची चेन लावता लावता थांबली. "थेंबही नाही."

"एवढी चिडलेली असताना?"

 आपाने बॅग पलंगाखाली सरकवली.

उरलेले दिवस ती पियाला घेऊन नाचली, शेवटच्या दिवशी रिकाम्या हातांनी. मनगटं वळली, नजर त्यांच्यामागून गेली, खांदा हलला नाही. उस्तादांनी कागदावर सही केली. आम्ही टाळ्या वाजवत होतो, तर आपाने प्रमाणपत्र माझ्या हातात कोंबलं आणि डफवाल्याची बाही धरली.

"ओदिलजान, आमचा ख्वारेज्मी ठेका वाजव. आत्ता."

"आपा, पास झालात की!"

"वाजव म्हणते ना."

त्याने वाजवला. आपाची बोटं जागी झाली, मग कोपर. ठेका फिरून आला, पुन्हा फिरला. खांदा मात्र उठेना; ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "जोरात."