साडूंची चोपण जमीन

माझ्या साडूंना गावात मागून सगळे चोपण्या म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. वाटणीत त्यांच्याकडे आलेली जमीन चोपण होती. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा पापुद्रा धरायचा, पावसाळ्यात पाणी मुरायचंच नाही. ओली असली की साबणासारखी निसरडी, वाळली की दगड. फुकट दिली तरी घेऊ नये, असं लोक म्हणत. साडू म्हणायचे, "जमीन वाईट नसते हो. ताट वाढलेलं असतं, पण पिकाची दातखीळ बसते. ती आपण सोडवायची."

मी शिंपी माणूस. शेतीतलं इथं जे लिहितोय ते त्यांच्याकडून ऐकलेलं. चुकलं तर चूक माझी समजावी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. "एकाच घरात फसलेले आपण दोघं," असं ते म्हणायचे, की त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, आतून ओरडायची, "भावोजी, विचारा त्यांना, फसलं कोण ते! माहेरी चूळ भरली तिथंही काहीतरी उगवायचं!"

उमेदीची सगळी वर्षं साडूंनी त्या जमिनीत घातली. जिप्समची पोती ओतायची, मातीत मिसळायची, वर पाणी भरून ठेवायचं, म्हणजे खार खाली उतरतो. हिरव्या खतासाठी धैंचा पेरायचा आणि कोवळा असतानाच चिखलात गाडायचा. असं करत एकेक वाफा सुटत गेला, भात येऊ लागलं. एक खोलगट तुकडा तेवढा हट्टाला पेटलेला. तिथं रोपं रुजायची आणि थोड्याच दिवसांत पानांवर गंजासारखे डाग पडायचे. रोग समजून औषधं मारून झाली. मग माती तपासल्यावर कळलं की रोग नाही, भाताला जस्त मिळत नाही. चोपण मातीत जस्त असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही, वरून द्यावं लागतं.

तोवर मुलगा शहरात नोकरीला लागला होता. बापाची वाकलेली कंबर त्याला बघवेना. "बाबा, आता पुरे. त्या खोलगटात माशांचं तळं खणू," तो म्हणाला. तळं म्हणजे नुसता तो तुकडा जाणार नव्हता. बांध घालायला शेजारच्या सुटलेल्या वाफ्यांची वरची मातीही उपसावी लागणार होती. साडूंनी एक हंगाम मागून घेतला. खोलगटात भात आलं तर जमीन राहील, नाही तर तळं. मुलगा कबूल झाला.

नेमकी लावणीच्या तोंडावर साडूंची कंबर धरली. इस्पितळात पायाला वजनं लावून त्यांना निजवलं होतं. मी उशाशी होतो. फोनवर बायकोला म्हणाले, "चिखलणी झाली? मग सुपर फॉस्फेट आणि जस्त, दोन्ही टाकून घे. दोन्ही, विसरू नको."

"नाही विसरत. तुम्ही गुमान पडून राहा," ती म्हणाली.

ते घरी परतले तेव्हा खोलगटातली पानं लाल पडली होती. मी भेटायला गेलो होतो. मेहुणी पाणी घेऊन आली. मी सहज विचारलं, "जस्त टाकलं होतंस ना?"

"टाकलं की! दोन्ही घमेल्यात छान कालवली आणि एकदमच फेकली. दोन-दोन खेपा कोण घालणार?"

साडूंच्या हातातला पेला तसाच राहिला. ती आत गेल्यावर हळूच म्हणाले, "एकत्र आली की ती दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मुळांच्या हाती काही लागत नाही. मीच म्हणालो दोन्ही टाक. वेगवेगळी टाक, हे म्हणायचं राहिलं."

"मग मुलाला सांगा. आणखी एक हंगाम मागा."

"त्याला सांगितलं की तिलाही कळणार. जन्मभर माझ्याबरोबर चिखलात उभी राहिली ती. आता शेवटी तुझ्याच हातानं गेलं, हे ऐकवू तिला?"

त्यांनी जस्ताचं पाणी पानांवर फवारून पाहिलं. पानं थोडी हिरवी झाली, पण फुटवे फुटायचे दिवस निघून गेले होते. लोंब्या आल्या त्या बहुतेक पोकळ.

मुलगा आला. खोलगटाच्या कडेला उभा राहून त्यानं विचारलं, "बाबा, कशानं झालं हो हे?"

"कशानं नाही रे," साडू म्हणाले. "जमीनच वाईट. मीच उगाच धरून बसलो होतो."

मेहुणी त्यांच्याकडे बघतच राहिली.

खणायचं यंत्र आलं त्या दिवशी साडूंनी मला बोलावून घेतलं होतं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. शेजारणी जमल्या होत्या आणि मेहुणी त्यांना सांगत होती, "आमचे हेच म्हणाले शेवटी, जमीनच वाईट म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतेय! पण ऐकतील ते कसले?" बायका हसल्या. तीही हसली, आणि मग साडूंकडे वळून जरा बिचकत म्हणाली, "काय हो, खोटं सांगतेय का मी?"

"नाही," साडू म्हणाले. "तुझंच बरोबर होतं."

तिचा चेहरा खुलला. ती चहा ठेवायला आत गेली. यंत्राचा दात सुटलेल्या वाफ्यात शिरला, आणि खालून काळी, भुसभुशीत माती वर आली. मी खाली बघितलं. साडू मात्र तिकडेच बघत राहिले.