विहिरीजवळचा बाजार

कपडे अल्टर करून देणाऱ्या मावशींचा पाय जिन्यावरून घसरून मोडला, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने आपला जुना लॅपटॉप आणून पलंगावर ठेवला. "नुसती छताकडे बघत पडू नकोस. हा खेळ खेळून बघ."

राक्षस मारण्यात मावशींना काडीचा रस नव्हता. पहिल्याच दिवशी लांडग्याने त्यांचा फडशा पाडला. पण खेळातल्या गावात विहिरीजवळ बाजार भरायचा. कुठकुठले खेळाडू तलवारी, घोडे, अंगरखे मांडून बसायचे. तिथे मात्र मावशी रमल्या. पाला गोळा करून रंग करायचे, साधे अंगरखे रंगवून विकायचे.

"तुझ्या राखाडी घोड्यावर हा भडक लाल नको रे, डोळ्यांत खुपतो. विटकरी घे," त्या हेडफोनवरून सांगायच्या आणि गिऱ्हाईक मुकाट ऐकायचं. बघता बघता अख्खा बाजार त्यांना मावशी म्हणू लागला. बदल्यात कुणी खेळातली नाणी द्यायचं, कुणी नुसत्याच गप्पा मारून जायचं. पाय बरा झाला, तरी दुकानाचं शटर ओढलं की मावशी तिकडचं दुकान उघडत.

रोजच्या मंडळींत एक ट्रकड्रायव्हर होता, मोठा थट्टेखोर. गाडी उभी केली की फोनवरून हजर. मरमर खपून त्याने एक पांढरा घोडा मिळवला होता. त्याची झूल मावशींनीच रंगवलेली.

मग कंपनीने नशीबपेट्या आणल्या. खरे पैसे भरून पेटी उघडायची. आत बहुतेकदा चिंध्याच. पाठोपाठ पैजेचं चक्र आलं. आपली वस्तू लावा, जिंकलात तर दुप्पट. विहिरीजवळची गर्दी तिकडे सरकली. रंगाचं कुणाला पडलं नव्हतं. "मावशी, याचे किती येतील?" एवढंच जो तो विचारायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मावशींनी दुकानातच खेळ उघडला, तर ड्रायव्हर चक्रापुढे उभा.

"अरे, घोडा लावतोस?"

"एकदाच, मावशी. एकाचे दोन होतील."

चक्र थांबलं. घोडा झुलीसकट गेला.

"आता पेट्याच घेतो," तो म्हणाला. "एखादीत निघेलच."

"खबरदार!" मावशी अशा कडाडल्या, की शेजारचा चांभार दुकानात डोकावून गेला. "घरी कोण आहे तुझ्या?"

"बायको. मुलगी."

"मग हा खेळ बंद कर आणि त्यांना फोन लाव."

त्याने ऐकलं. पुन्हा कधी बाजारात दिसला नाही. मावशींना हायसं वाटलं, आणि करमेनासंही झालं. हळूहळू बाकीचेही पांगले. एका संध्याकाळी त्यांनी उरलेले अंगरखे नवख्यांना वाटून टाकले.

परवा बहिणीने सहज तो खेळ पुन्हा उघडला. विहीर तिथेच, बासरीचे सूरही तेच. चिटपाखरू नव्हतं.

"एवढं काय होतं गं इथे?"

"संध्याकाळी सगळे यायचे," मावशी म्हणाल्या. "खरं नाव कुणाचं कुणाला ठाऊक नव्हतं. पण एखादा दोन दिवस आला नाही, तर सगळा बाजार विचारायचा, गेला कुठे?"

त्यांनी खेळातली आपली बाहुली विहिरीच्या कठड्यावर नेऊन बसवली, आणि थोडा वेळ तशीच बसू दिली.