बेटावर जायचा इस्तिखारा

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला आमच्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. संध्याकाळी सबाचे अब्बा तिथल्या बाकावर पाण्याकडे तोंड करून बसतात आणि मी त्याच बाकावर पाण्याकडे पाठ करून. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, नवरा-बायकोचं भांडण झालंय. खरं कारण मी आमच्या मुलीला, सबालाही कधी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी जन्मलेली बाई पाण्याला घाबरते, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

लहान असताना मी फुफीबरोबर, म्हणजे आत्याबरोबर, होडीतून खाडीपलीकडे एका लग्नाला चालले होते. होडीत माणसं जास्त झाली होती. मध्यावर गेल्यावर ती एका बाजूला कलली आणि पाणी आत आलं. मला कुणीतरी केसांना धरून वर काढलं. फुफी वर आली नाही. तिचा हात माझ्या हातात होता, तो कधी सुटला ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी होडीत पाऊल ठेवलं नाही. लग्न होऊन इकडे आले ती विमानाने. मोठ्या विमानाची मला तितकी भीती वाटत नाही, कारण आत बसून जेवणाचा ट्रे समोर आला की आपण विमानात आहोत हे विसरता येतं.

सबा इथेच वाढली, नर्सिंग शिकली आणि लग्नानंतर आयर्लंडला गेली. तिचा नवरा इम्रान तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात नोकरी करतो. सबाने मात्र किनाऱ्यापलीकडच्या एका छोट्याशा बेटावर, तिथल्या दवाखान्यात नोकरी घेतली. चार गल्ल्या, दगडांच्या भिंती आणि गाई, एवढंच बेट. इम्रान सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचा. सगळं छान चाललं होतं. यंदा तिला पाचवा महिना होता आणि बाळ गेलं.

ती बातमीही तिने मला इंग्रजीत सांगितली. इथे वाढलेल्या मुलांसारखं तिचंही आहे, मराठी सगळी समजते आणि उत्तर इंग्रजीत येतं. "इट हॅपन्स, अम्मी. आय ॲम फाइन. प्लीज डोन्ट कम." आमच्याकडे कच्च्या बाळंतपणातही बाईला बाळंतिणीसारखंच जपतात. तेल लावायचं, शेक द्यायचा, डिंकाचे लाडू खाऊ घालायचे, आणि मुख्य म्हणजे तिला एकटं सोडायचं नाही. माझी पोर त्या वाऱ्यात एकटी पडून होती आणि मला फाइन म्हणून सांगत होती.

मग एक दिवस इम्रानचा फोन आला. तो बिचारा बोलताना अडखळत होता. सबा पडदे उघडत नाही, धड जेवत नाही, माझ्याबरोबर शहरात राहायला चल म्हटलं तर बेट सोडायला तयार नाही, असं त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "अम्मी, मला काही सुचत नाही. तुम्ही याच." सबाच्या अब्बांच्या कारखान्यात तेव्हा सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. म्हणजे एकटीने जायचं होतं. व्हिसाचे कागद भरले, आणि त्यानंतर कुठे माझ्या लक्षात आलं की बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी.

तिथे पोहोचायच्या वाटा दोनच. एक फेरीबोट, जी सगळ्या बेटाचं किराणा सामान आणि माणसं घेऊन जाते. दुसरं एक विमान, ज्याला विमान म्हणायचं की रिक्षा, हा प्रश्न पडावा. त्याचा व्हिडिओ सबाच्या अब्बांनी मला मोठ्या हौसेने दाखवला. जेमतेम आठ-नऊ माणसं बसतात, पायलट हाताच्या अंतरावर, आणि खाली तेच काळं पाणी. बोटीपेक्षा विमान बरं म्हणावं तर ते वाऱ्यात झोके खाताना दिसत होतं. विमानापेक्षा बोट बरी म्हणावी तर मला फुफीचा हात आठवायचा. हातातलं काम तसंच राहायचं.

अशा वेळी आम्ही इस्तिखारा करतो. दोन रकात नफील, म्हणजे फर्जापलीकडची आपखुशीची नमाज पढायची आणि दुआ मागायची की या अल्लाह, या कामात माझं भलं असेल तर ते माझ्यासाठी सोपं कर, नसेल तर मला त्यापासून दूर ठेव, आणि भलं जिथे असेल तिथून ते मला दे. मी आधी बोटीचं नाव घेऊन इस्तिखारा केला, मग विमानाचं. लहानपणापासून ऐकलं होतं की स्वप्नात हिरवं किंवा पांढरं दिसलं तर होकार समजायचा. मला हिरवं दिसलं, भरपूर हिरवं. सकाळी उठून विचार करायला लागले तर त्या देशात हिरवं नाही असं आहेच काय? बोटीच्या फोटोतही हिरवे डोंगर, विमानाच्या फोटोतही. मग गावाकडच्या खालाला, माझ्या मावशीला, फोन करून माझ्यासाठी इस्तिखारा करायला सांगितलं. तिचा कौल बोटीला पडला. नणंदेला सांगितलं, तिचा विमानाला. सबाचे अब्बा म्हणाले, "अल्लाहला तू ट्रॅव्हल एजंट केलंयस." मला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

एका सुट्टीला ते मला सवय व्हावी म्हणून दुबईच्या खाडीवर घेऊन गेले. तिथे अब्रा चालतात, लाकडी छोट्या बोटी, लोक बस पकडावी तसे त्यांत चढतात. मी एक पाय पुढे टाकला. अब्रा किंचित हलली आणि मी तो मागे घेतला. मागे रांग थांबली होती. लोक आमच्याकडे बघत होते, आणि मला घाम फुटला होता. अब्रावाला कुठला होता कोण जाणे, हिंदीत म्हणाला, "अम्मा, पानी कल भी यहीं रहेगा. आराम से आना." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तरी गाडीत बसून मी रडले. जिला खाडीचं पाणी ओलांडता येत नाही ती मुलीकडे काय जाणार?

शेवटी विमान ठरलं. बुकिंग करताना वजन विचारलं होतं. मी थोडं कमी करून सांगितलं. सबाच्या अब्बांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे टाइप केलं. पुढे त्याच व्हिडिओतून मला कळलं की त्या विमानात माणसांना वजन बघून जागा देतात, म्हणजे ते एका बाजूला कलू नये म्हणून. झालं. कलणं हा शब्द ऐकला आणि माझी झोप उडाली. माझ्या खोट्यापायी सगळं विमान पाण्यात जाणार असं वाटायला लागलं. मी घाबरत घाबरत खरं वजन सांगून टाकलं, त्यांनी दुरुस्ती केली आणि म्हणाले, "तुझ्या वजनाने विमान पडत नाही गं. पडलं तर लाडवांनी पडेल." कारण डिंकाचे लाडू, सुंठ, तेलाच्या बाटल्या, सगळं मिळून माझी बॅग उचलता उचलवत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी इम्रानचा मेसेज आला. वारा वाढणार आहे, छोटं विमान उडेलच असं नाही, न उडाल्यास आपण बोटीने जाऊ. बोट असल्या वाऱ्यातही जाते, थोडी हलते इतकंच, काळजी करू नका. थोडी हलते, हे वाचून मी बॅगेवरच बसले. जोहरची नमाज पढून मुसल्ल्यावर बसून राहिले, पण दुआ सुचेना. इतके इस्तिखारे करून दोन्ही वाटा बंदच झाल्या होत्या. मला वाटलं, जाऊ नकोस हाच कौल आहे. खरं तर तो माझ्या भीतीचा कौल होता, आणि तो मी अल्लाहच्या नावावर खपवत होते.

व्हिसात काहीतरी अडचण आली म्हणून सांगायचं ठरवून मी सबाला फोन लावला. तिने उचलला. "हॅलो, अम्मी," इतकंच बोलली, थकलेल्या आवाजात. मी तोंड उघडलं आणि ठरवलेलं काही निघालंच नाही. मी म्हटलं, "सबा, मला पाण्याची भीती वाटते. मला यायचंय गं, पण पाणी ओलांडता येत नाही." आणि मग जे कधीच बोलले नव्हते ते सगळं बोलत सुटले. होडी, लग्न, फुफीचा हात. बाकावर पाठ करून का बसते ते. अब्रात न चढता कशी परत आले ते. जिला मायेची गरज होती तिच्यापुढे मीच लहान मुलीसारखी रडत होते, आणि मला त्याची भयंकर लाज वाटत होती.

  मग ती मराठीत बोलली. कधीपासून तिच्या तोंडून मी सबंध मराठी वाक्य ऐकलं नव्हतं.

"तू इतकी घाबरतेस, तरी यायला निघाली होतीस?"

मी हो म्हटलं.

"मग ये, अम्मी. विमान नको. मी पलीकडे येते तुला न्यायला. धक्क्यावर उभी राहते. आपण दोघी जाऊ."

फोन ठेवल्यावर मी इम्रानला कळवलं. त्याने उलट मलाच विचारलं की ती खरंच असं म्हणाली का. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. मोठ्या विमानाचा प्रवास कसा झाला ते मला नीटसं आठवत नाही. पूर्ण वेळ ओठांवर कुराणातली आयतुल कुर्सी होती. डब्लिनला इम्रान घ्यायला आला होता. मोटारीने आम्ही तो देश आडवा ओलांडला आणि समुद्र दिसायला लागला तशी मी डोळे मिटून घेतले. धक्क्यावर उतरले तेव्हा वारा कानात घोंगावत होता. बोट बांधलेली होती आणि बांधलेली असूनही वरखाली होत होती. मी परत मोटारीत बसणार होते. इतक्यात इम्रानचं भलंमोठं जॅकेट घातलेली सबा दिसली. इतकी वाळली होती की जॅकेटच चालत येतंय असं वाटलं. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "चल. हात सोडू नकोस."

बोटीत इम्रान बॅग सांभाळत पुढे बसला आणि आम्ही दोघी मागच्या बाजूला, एका बाकावर. बोट सुटली आणि पहिल्याच लाटेला कलली.  सबाचा हात मी इतका आवळला होता की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसत होते. कलमा म्हणत होते आणि मधेच शब्द विसरत होते. मला उठून पळायचं होतं. पळायला जागा नव्हती, तरी पळायचं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सबानेही माझा हात तितकाच घट्ट आवळलाय. सबाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती समोरच्या खिडकीकडे एकटक बघत होती.

"अम्मी, त्या दिवशी पोटात दुखायला लागलं तेव्हा मी याच बोटीने निघाले होते," ती म्हणाली. "इथेच बसले होते. किनारा येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर इम्रानने मला घरी परत आणलं, आणि तेव्हापासून मी बोटीत बसलेच नव्हते. आज बसले. तू एकटी येऊ शकली नसतीस ना."

आणि मग ती रडली. इम्रानसमोर नाही, डॉक्टरांसमोर नाही, माझ्याशी फोनवर नाही, ती तिथे रडली. हळूहळू वाकून तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. माझी भीती गेली नाही, हे मी खरं सांगते. बोट हलत होती आणि प्रत्येक लाटेला माझा जीव जात होता. पण मांडीवर लेकीचं डोकं होतं, त्यामुळे मला उठता येत नव्हतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि कलमा आता न चुकता येत होता. केव्हातरी इंजिनाचा आवाज मंद झाला, कुणीतरी दोर फेकला आणि आम्ही बेटाला लागलो.

महिनाभर मी तिच्याकडे होते. तेल लावलं, लाडू खाऊ घातले. दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः पडदे उघडले. बाळाचं नाव ठरलं होतं, तेही तिने मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, दुआत घेते.

परत आल्यावर मी पुष्कळ विचार केला. मी अल्लाहला विचारत होते, बोट की विमान, माझ्या जिवाला सोपं काय पडेल. भलं जिथे असेल तिथून दे, हे दुआतलं वाक्य मी रोज म्हणत होते आणि ते कुठून येऊ शकतं याचा मला पत्ता नव्हता. इम्रानने समजावून, डॉक्टरांनी सांगून, मी आई असून जे झालं नाही, ते माझ्या भित्रेपणामुळे झालं. मी धीट असते तर गुमान विमानाने गेले असते, आणि माझी पोर त्या बंद पडद्यांमागेच माझी वाट बघत बसली असती. आयुष्यभर जी गोष्ट मी लपवली, तीच कुणाच्या तरी कामाला यायची होती. यात चमत्कार आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मी फक्त झालं ते सांगितलं.

अजूनही संध्याकाळी आम्ही त्या बाकावर जातो. परवा सबाच्या अब्बांनी विचारलं, अब्रात बसून बघायचं का पुन्हा? मी म्हटलं, सबा आली की बसेन, इन्शाल्ला, तिचा हात धरून. ते हसले. मी अजून पाण्याकडे पाठ करूनच बसते. पण मगरीबच्या नमाजनंतर अल्लाहचा शुक्र मानायला हात उचलते तेव्हा सगळ्यांत आधी त्या भीतीसाठी मानते.