आपोआप जोडणी बंद

बोंडअळीनं कापूस आतून पोखरला त्या वर्षांत मी झरी जामणीकडच्या एका गावात सरकारी अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवत होतो. संगणक कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेला. चित्रांचा पडदा उघडायला तो इतका वेळ घेई, की जमेल तेवढं काम मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच उरकू लागलो. इंटरनेटची जोडणी सांभाळणारा एक प्रोग्राम आत सतत जागा असतो, त्याला डीमन म्हणतात. जोड म्हटलं की जोडायचा, तोड म्हटलं की तोडायचा. त्या गावात माझं मुकाट्यानं ऐकणारा तेवढा एकच होता.

त्याला एक खोड होती. नदीपलीकडच्या राज्यातला टॉवर आमच्यापेक्षा दांडगा, आणि लाईन तुटली की हा पठ्ठ्या हमखास तिकडे जाऊन चिकटायचा. तिथून आमच्या सिमवर एक पान उघडेल तर शपथ. शेवटी वैतागून मी त्याची आपोआप जोडणीच बंद केली. आता मी सांगेन तेव्हाच आणि सांगेन तिथंच. ही अक्कल मी तालुक्यातल्या इतर केंद्रवाल्यांनाही फुशारकीनं वाटत फिरलो.

गावातल्या एका बाईच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. बारावीनंतर दोन वर्षं मजुरीनं कापूस वेचून मिळालेली जागा. कागद जोडून जागा कबूल असल्याचं पाच वाजायच्या आत ऑनलाइन कळवायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. दोघी सकाळपासून माझ्यासमोर बसून होत्या. साइट रखडत होती. चार कागदांपैकी तिसरा चढेपर्यंत साडेतीन वाजले.

नेमका त्याच दिवशी त्यांच्या वावरात पहिला वेचा होता. आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली दगड मांडून दहीभात ठेवतात, मग बाया कापसाला हात लावतात. त्या दिवशी या अर्जापायी सीतादही सकाळची दुपारवर गेली होती आणि वेचणीच्या बाया बांधावर खोळंबल्या होत्या. दोघी उठल्या आणि बाई मलाही चला म्हणाली. सीतादहीचं बोलावणं मोडत नाहीत. चौथा कागद चढत होता, तो चढला की अर्ज आपला आपण जाणार होता. मी खुर्ची सरकवली.

खरं सांगायचं तर बोलावणं मोडता येत नव्हतं म्हणून मी गेलो नाही. मला जायचं होतं. वावरात त्यांनी मला सगळ्यांच्या आधी पान वाढलं. पोरीले नर्स करणारे सर, म्हणून बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी दोनदा भात घेतला आणि कॉम्प्युटरवर भाषण झोडलं.

परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चौथा कागद अर्ध्यावर अडकलेला आणि पानावर मुदत संपल्याचा संदेश. मी काळ्या पडद्यावर नोंदी काढल्या. चार वाजून दहा मिनिटांनी लाईन तुटली होती. चार वाजून बारा मिनिटांनी आमचाच टॉवर परत आला होता. पाऊण तास तो डीमनच्या डोळ्यांसमोर होता. पण सांगितल्याशिवाय जोडायचं नाही, हे मीच त्याला बजावून ठेवलं होतं. त्यानं माझं अक्षरशः ऐकलं. मी त्या खुर्चीत बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी बाईला सांगितलं, लाईन वरूनच गेली होती. मुलीनं कागदांची पिशवी नीट घडी घालून काखेत घेतली. बाई मात्र माझा चेहरा पाहून मलाच समजवायला लागली.

"तुमचा काय दोष, भाऊ? लाईनच नाही त तुमी काय करान?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. त्या संध्याकाळी मी डीमनची आपोआप जोडणी सुरू केली. मग तो पुन्हा नदीपलीकडे पळू लागला आणि मी त्याला काही म्हणेनासा झालो.

पुढच्या वर्षी पहिल्या वेच्याला मी केंद्राबाहेर पाऊल टाकलं नाही. काम आहे, असा निरोप पाठवला. दुपारी ती मुलगीच डबा घेऊन आली. बोंडांनी तिची बोटं ओरबाडली होती. तिचं लग्न ठरलं होतं. यंदा अर्ज भरायचा का, असं मी कसंबसं विचारलं, तर सासरचे नाही म्हणतात म्हणाली.

मी डबा ठेवून जा म्हटलं. ती दारातच उभी राहिली.

"मायनं सांगतलं, सर खातपर्यंत थांबजो. मांगच्या साली तुमी आमच्यासाठी लय धडपड केली."

मी डबा उघडला आणि ती पाहत असताना सगळा दहीभात खाल्ला.