वाऱ्यासाठी दिलेली मुलगी

भूकंपात आई-वडील दोघंही गेले, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आठवीनंतर शाळा सुटलीच होती. लातूरकडच्या आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये काकांचंच घर कसंबसं मावत होतं. म्हणून ओळखीनं मला नांदेडला पाठवलं, क्लासच्या पोरींची मेस चालवणाऱ्या एका बाईंकडे. सगळ्या त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. छताखाली झोपायची मला भीती वाटायची, तर मावशींनी माझं अंथरूण बाहेर ओट्यावर घातलं आणि शेजारी स्वतःचंही.

मेसमध्ये उमरीची एक मुलगी होती, बारावीची. फिजिक्सनं डोकं उठलं की ती स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि मी भाकरी थापत असताना जुन्या ग्रीक लोकांच्या युद्धकथा वाचून दाखवायची. पुरुष लई शूर. कुणाच्या ढालीवर काय कोरलंय, तेही पानभर. बाया मात्र पळवल्या जायच्या, जिंकल्यावर भांड्याकुंड्यांसारख्या वाटल्या जायच्या आणि युद्ध लागलं की दोष एकीच्या रूपाला.

एका राजाची गोष्ट अजून मनातून जात नाही. वारा पडला, गलबतं अडली. देवीला मुलगी दिली तर वारा सुटेल, असं कुणीतरी सांगितलं. राजानं घरी निरोप धाडला : लग्न ठरवलंय, पोरीला घेऊन ये. आईनं तिला नटवून नेलं. तिथं मांडव नव्हता, बळी द्यायची वेदी होती.

"मंग तिचं पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय न्हाई. वारा सुटला."

उन्हाळ्यात काका आले. माहूरला नेतो, देवीचं दर्शन घडवतो म्हणाले. सोबत नवी साडी होती. आमच्यात घरात कुणी गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. आमच्या भागात तेव्हा अशी घाईची लग्नं लागतच होती.

मावशींनी काकांना चहा दिला आणि सरळ विचारलं, "दादा, दर्शनाला नेऊन राहिलात का दाखवायला?"

काका बशीकडे बघत म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. पाव्हणे माहूरलाच उतरलेत. पोरीला आईबाप न्हाईत, मला झोप येत न्हाई, बाई."

"तिला विचारलं का?"

"पोरीला काय इचारायचं?"

"मंग मी विचारते," म्हणत मावशी माझ्याकडे वळल्या. मी न्हाई म्हणाले, पण इतकं हळू की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

काका रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते उठले, साडी ओट्यावर ठेवली आणि एकटेच माहूरच्या गाडीत बसले. तिथं पाहुण्यांपुढं त्यांनी काय ऐकून घेतलं, ते आजवर बोलले नाहीत. मावशींइतकेच उपकार मी त्यांचेही मानते.

वर्ष उलटलं. उमरीची मुलगी पास होऊन गेली, मी मेसमध्येच राहिले. आता संसार सुरतेला आहे. गावाकडून फोन आला की अजूनही आधी विचारते, सगळे बरे हायत ना.

हे सुरतेचं स्थळही काकांनीच आणलं, तीन वर्षांनी. या खेपेला आधी एकटे आले, मावशींसमोर बसले आणि मला म्हणाले, "बघ, तुला पटतंय का."

मी विचार करायला एक दिवस मागितला. काका मुक्कामाला थांबले.