सपनांचा वजिफा

आमच्या गावात नवा माणूस आला की आधी विचारतो, पाऊस कसा झाला, कपाशीला बोंडं किती धरली. ती आली, ओट्यावर टेकली, माझ्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, दिलेलं पाणी प्याली, अन् तांब्या खाली ठेवत म्हणाली, "आजी, काल काय सपन पडलं?"

बुढी माझ्याकडे बघायला लागली, मी पोरीकडे. डोक्यावरून सुती ओढणी, चपला धुळीनं भरलेल्या, डोळे मोठे अन् शांत. मला वाटलं, उन्हानं पोरीचं डोकं फिरलं. पण ते तिचं कामच होतं.

कागदावर तिचं नाव काही असो, गावात ती वजिफावाली. विद्यापीठात स्त्री अभ्यास नावाचा एक विभाग असतो, तिथं ती शिकत होती, अन् त्या शिक्षणासाठी तिला शिष्यवृत्ती होती. तिचे अब्बा त्याला वजिफा म्हणत. अब्बा म्हणजे आमचे पिंजारी चाचा. दर हिवाळ्यात साखरखेर्ड्याहून खांद्यावर पिंजण घेऊन येत, आमच्या गाद्या उसवून कापूस पिंजत. तार वाजायला लागली की अंगणात पांढरं धुकं उठायचं अन् त्या धुक्यातून चाचांचा नुसता आवाज यायचा.

पोरगी यायच्या आधी तेच एकदा पिंजण न घेता आले. म्हणाले, "भाऊ, पोरीले खेड्यात राहून बायांशी बोलायचं हाये. तुमच्या घरावाचून कुठं ठेवू?"

"राहू द्या की. पण शिकते काय?"

"बायांचा अभ्यास."

"तो तर मी लगन झालं तवापासून करून राह्यलो. मले कोणी वजिफा देल्ला नाही."

"देतीन ना," चाचा म्हणाले. "आधी पास झाले का, ते सांगा."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण उत्तराला कधी अडलो नाही. त्या दिवशी मात्र बुढीला चहा टाकायला सांगितला.

बीटी कपाशी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पहिला बहर ओसरला होता. झाडं हिरवीगार कमरेला लागायची, अन् बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वाईट दिवस होते. जीपगाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. ज्या घरात काही घडलेलं असेल तिथल्या बाईला दारात बसवून तेच तेच विचारायचे. त्या बायांना आपलंच दुःख तोंडपाठ झालं होतं. वजिफावालीनं तसलं काही कधी विचारलं नाही. ती म्हणायची, "आबाजी, जागेपणीचं समदे इचारतात. झोपेतलं कोणीच इचारत नाही."

पारावर तिची टिंगल चालायची. एक जण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "सपनाचे पैसे भेटतात काय बे? मले तर रोज आमदारकीचं सपन पडते. मले किती भेटतीन?"

ती चालता चालता थांबली. "तुमाले नाही भेटत, भाऊ. बायांच्याच सपनाचे भेटतात. वहिनीले पाठवा." अन् गेली पुढे. पार हसला.

पण बाया सांगेनात. "आमाले कुठली सपनं, माय? आंग टाकलं का मेल्यावानी झोप लागते," एवढंच म्हणायच्या. खरी गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे सपन माणसाला सांगत नाहीत, पाण्याला सांगतात. सकाळी रांजणावर नाहीतर आडावर वाकून बाई पुटपुटते, वरचं ओंजळभर पाणी मातीत टाकते, की सपन गेलं. पाणी उलटून बोलत नाही अन् चुगली करत नाही. वजिफावालीनं माझ्या बुढीला तसं करताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती वेचणीच्या बायांत जाऊन बसली अन् म्हणाली, "मावशी, मले पाणी समजा."

तिथून तिची ती सवय सुरू झाली. कोणी बोलायला लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. हूं नाही की चूं नाही. बोलणं संपलं तरी बराच वेळ तशीच. मी एकदा विचारलं, "झोपतं काय वो पोरी?" तर म्हणाली, "पाण्याले डोळे असतात काय, आबाजी?"

तो हिवाळा मला अजून जसाच्या तसा दिसतो. सकाळी वावरात धुकं उतरलेलं असायचं. धुऱ्यावरून, बांधावरून पाहिलं तर कापूस कुठं संपतो अन् धुकं कुठं सुरू होतं, कळायचं नाही. कापसासाठी कमरेला ओटी बांधलेल्या बाया कमरेपासून वरच दिसायच्या, नदीत उभ्या असल्यासारख्या. त्यांच्यात ती एक, बाजूच्या ओळीत वेचत चाललेली. आवाज यायचा नाही. नुसते ओठ हलताना दिसायचे. मी माझ्याच वावरात होतो, पण परक्या मुलखात आल्यासारखं वाटायचं.

कधी जेवताना ती एखादं सपन सांगायची, बाईचं नाव न घेता. एकीला दिसलं होतं, बोंडातून कापूस निघतोच आहे, सुतासारखा, संपतच नाही, अन् ती ओढत ओढत बीबी गावच्या बाजारापर्यंत गेली. दुसरी म्हणे माहेरी चालली होती, वडनेर भोलजीला, पण पाय जमिनीला टेकेनात, आई दारात हात वर करून उभी अन् ही वरूनच निघून गेली. मी म्हणायचो, "याचा फायदा काय?" ती भाकर मोडत म्हणायची, "ठाऊक नाही. पण सांगितल्यावर बाई हलकी होते, हे मले दिसते."

मग एका दुपारी तिला विद्यापीठातून फोन आला. बोलून झाल्यावर ती पायरीवर बसली अन् बुढीला सांगू लागली. तिच्या मॅडमना हा विषय पटत नव्हता. गावंच्या गावं मोडून पडत आहेत अन् तू स्वप्नं गोळा करतेस, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः येऊन बघणार होत्या. त्यांना पटलं नाही तर पुढल्या वर्षाचा वजिफा बंद. अन् चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वजिफा आहे तोवर शिक्षण, नाहीतर निकाह.

"पोरगा बरा नाही काय?" बुढीनं विचारलं.

"चांगला हाये, आजी. तेच तर. चांगल्याले नाही कसं म्हणू?"

मॅडम आल्या. बाई वाईट नव्हती, थकलेली होती. आमच्या ओट्यावर बसली, समोर अंगणात बाया. वही उघडून विचारलं, "सांगा, तुम्हाला कसली स्वप्नं पडतात?"

बायांनी तोंडाला पदर लावले. कोणी नखं बघितली, कोणी आभाळ. शेवटी एकीनं तोंड उघडलं. "घरकुल भेटावं, हेच सपन, बाई."

मॅडमनी पोरीकडे पाहिलं. "हे स्वप्न नाही, ही मागणी आहे. हे मला कुठंही मिळालं असतं." पोरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मॅडमनी वही मिटली.

माझी बुढी कोपऱ्यात वाती वळत होती. कापूस बाजूला ठेवून ती उठली, अंगणातल्या रांजणाजवळ गेली, आमच्याकडे पाठ केली अन् पाण्यावर वाकली. रांजणात बोललेलं घुमतं. समद्यांना ऐकू आलं.

"वावर पांढरंफेक होतं. चांदणं होतं का कापूस होता, समजलं नाही. माह्यासंगं आजवर ज्या ज्या राबल्या त्या समद्या आल्या होत्या, मेलेल्या बी. वेचून राह्यल्या होत्या. कोणी बोले ना. म्या इचारलं, बायांनो, हे वावर कोणाचं वो? तशा समद्या वळल्या अन् म्हणाल्या, तुह्यं. मले भेव वाटला. मी पळत सुटले, पण जितं जावं तितं माह्यंच वावर."

ओट्यावर मी उभा राहिलो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सातबारा माह्या नावाचा हाये!"

मॅडमनी मान वर केली. "आजोबा, तुम्ही कोणाशी भांडताय?"

"हिच्याशी."

"त्या तर स्वप्न सांगत होत्या."

"सपन असो नाहीतर काही असो. सातबारा म्हंजे सातबारा."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सारं अंगण. पदर सुटेपर्यंत हसल्या. अन् हसता हसता एक जण उठून रांजणाकडे गेली. तिच्यामागं दुसरी. मॅडमनी वही परत उघडली, ती दिवस कलेपर्यंत मिटली नाही. जाताना पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हाच विषय चालू ठेव. शिष्यवृत्तीचं मी बघते."

गाव म्हणतं, वजिफा बुढीनं वाचवला. मी म्हणतो, मी बोललो नसतो तर मॅडमला त्या सपनात काय आहे ते कळलंच नसतं. माझं आजही तेच म्हणणं आहे. वावरही अजून माझ्याच नावावर आहे. फक्त हल्ली कोणी विचारलं, हे वावर कोणाचं, तर तोंडातून उत्तर लगेच निघत नाही. मधे कुठंतरी अडकतं.

वेचणी सरली अन् ती निघाली. फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. इतके दिवस डोक्यात होतं ते विचारलं. "पोरी, गावभराचं ऐकलं. तुले काय सपन पडते?"

तिनं जरा विचार केला. "मले पडतच नाही, आबाजी. दुसऱ्याची ठेवून ठेवून जागाच उरली नाही." एसटी आली. खिडकीतून तिनं ओढणी हलवली, बाकी धूळ.

त्यानंतर काही वर्षं काही कळलं नाही. चाचांचं येणं बंद झालं होतं, लोक बाजारातून तयार गाद्या आणू लागले होते. मग एक दिवस पहाटे फोन वाजला.

"आबाजी, पडलं!"

मी अंथरुणात उठून बसलो. "कोण पडलं? कुठं लागलं?"

"सपन पडलं, आबाजी! माह्यं सोताचं!"

"अरे वा! काय दिसलं?"

"तुमाले नाही. आजीले द्या फोन."

दिला. बुढी फोन कानाला लावून अंगण ओलांडून गेली, गोठ्याच्या पलीकडे, पार कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगापर्यंत. मी ओट्यावरून बघत होतो. एकदा हसली. एकदा खाली बसली. उजाडून गेलं, तेव्हा परत आली.

"काय म्हणते?"

"तिच्या प्रबंधाले विद्यापीठाचा पुरस्कार भेटला म्हणे. मोठा हाये."

"अन् सपन?"

बुढीनं फोन माझ्या हातात दिला अन् चुलीकडे जाता जाता म्हणाली, "ते मले सांगितलं."