खजराण्याच्या भिंतीवरचे सुलटे स्वस्तिक

इंदूरला जायचे ठरले ते एका व्याख्यानामुळे. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आले होते आणि तिथल्या एका मंडळाने कॉलेजातून निवृत्त झालेल्या मला तर्कशास्त्रावर बोलायला बोलावले होते. उतरण्याची सोय त्यांनी ऐनवेळी रद्द केली, म्हणून 'जुनी इंदूर' या भागात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, मालतीला, येत असल्याचे कळवले. तिच्या घरी मी अकरा वर्षांत गेलो नव्हतो.

पुण्याहून जाणाऱ्याने खंडव्याला गाडी बदलावी. पुढची छोटी गाडी घाटात फार रेंगाळते. शिदोरी जवळ असावी. महू, मग राऊ मागे पडले की काळी, सपाट शेते लागतात.

मालती स्टेशनवर आली होती. "दादा, उद्या सकाळी खजराण्याला जायचं. नाही म्हणायचं नाही."

शहराबाहेरच्या या गणपतीला टांग्याने जावे. वाटेत गरम पोहे मिळतात. देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक मागणे मागून उलटे स्वस्तिक काढतात आणि ते पुरे झाले की येऊन सुलटे काढतात.

"माताजी, उल्टा बनाने जा रहे या सीधा?" टांगेवाल्याने विचारले.

"सीधा, भिया!" मालती तिथल्या बोलीत म्हणाली.

मी गप्प बसायला हवे होते. "मागितलेलं मिळालं तर देवानं ऐकलं, नाही मिळालं तर वेळ आली नाही," मी म्हणालो. "मग देवानं ऐकलं नाही, असं कधी ठरणार? जे खोटं ठरूच शकत नाही, त्याला पुरावा कसला?"

"कॉलेज सुटलं, दादा, वर्ग काही सुटला नाही!"

टांगेवालाही हसला. मला ते लागले. "असं काय मोठं मिळालं तुला?" मी कुत्सितपणे विचारले.

भिंतीपाशी तिने कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "तूच काढ. तू माझ्या घरी यावास, एवढंच मागितलं होतं. नऊ वर्षं झाली."

तिच्या लांबलचक पत्रांना मी दोन ओळींची कार्डे पाठवत आलो होतो. व्याख्यानाचे तिला माहीत होते. सोय रद्द झाल्याचे मी लिहिले नव्हते. सांगावे तर तिचा आनंद जातो, न सांगावे तर मी खोटा ठरतो. मी न सांगता स्वस्तिक काढले. एक रेघ वाकडी आली.

"छान आलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी पुराव्याच्या शिस्तीवर मी तासभर बोललो. मालती पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

पुण्याला परतल्यावर चौथ्या दिवशी तिला सगळे खरे लिहिले. देवाने तिचे ऐकले का, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. मी ऐकले नव्हते, एवढे मात्र निर्विवाद आहे. आठवड्याने तिचे उत्तर आले:

"दादा, तू यावास एवढं मागितलं होतं. कशामुळे, ते मी मागितलं नव्हतं. पुढच्या वेळी उतरायची सोय झाली असली, तरी माझ्याकडेच ये."